बत्तिशीचा हट्ट

वेडेवाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र ज्याने उभे केले त्या माणसाचे आडनाव अँगल असावे, हा योगायोग मी माझ्या एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकाने त्यावर लाल पेन्सिल फिरवली असती. स्वभावाशी किंवा धंद्याशी नेमके जुळणारे नाव पात्राला देऊ नये, हा आम्हा लिहिणाऱ्यांचा साधा नियम. पण आयुष्य असले नियम पाळत नाही. एडवर्ड हार्टली अँगल हा गृहस्थ खरोखर होऊन गेला. १८५५ च्या जूनमध्ये तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मला, १९३० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात वारला, आणि आज जगाच्या पाठीवर कुठल्याही शाळकरी पोराच्या दातांना तारा लागल्या की त्या पोराच्या तोंडात अँगलचे काहीतरी असतेच.

या माणसाकडे मी वळलो तो नातीच्या निमित्ताने. तिच्या दातांना तारा लावायच्या ठरल्या तेव्हा डॉक्टरांनी चार प्रकार सांगितले. धातूच्या ब्रॅकेट्स, दातांच्याच रंगाच्या सिरॅमिकच्या, दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने लावायच्या, आणि ज्यांत तार बांधावी लागत नाही, इवलेसे दारच बंद होते अशा सेल्फ लायगेटिंग. प्रत्येकाचा दर निराळा. पस्तीस वर्षे बँकेत काढलेली असल्यामुळे चार दर समोर आले की जादा पैशात जादा काय मिळते, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. विचारत, वाचत गेलो तेव्हा कळले ते असे. धातूची ब्रॅकेट दिसायला ओबडधोबड, पण चिवट आणि स्वस्त. सिरॅमिकची दुरून दिसत नाही, पण ठिसूळ असते, तार तिच्यातून सहज घसरत नाही, आणि ती इतकी कठीण की समोरचा दात तिच्यावर घासला तर दाताचेच कवच झिजते. मागून लावायची तर कुणालाच दिसत नाही. मात्र जिभेला सतत टोचते, सुरुवातीला बोलणे बोबडे होते, आणि डॉक्टरला आरशात बघून उलट्या हाताने काम करावे लागते. दारवाली दिसते आधुनिक, पण ती कल्पना १९३० च्या दशकातली. तिने उपचार झपाट्याने संपतात असा गाजावाजा पुष्कळ झाला, पण रीतसर चाचण्यांत तसा मोठा फरक काही आढळलेला नाही.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. चारही प्रकार भिंगाखाली धरले तर मधोमध एकच वस्तू दिसते : आडवी, चौकोनी खाच. बाकी सारा साज. ती खाच अँगलची. १९२५ साली, सत्तरीत, त्याने ती कोरली. त्याआधी आपलीच तीन यंत्रे त्याने एकामागून एक मोडीत काढली होती. स्वतःच्या यंत्रांचा इतका निर्दय परीक्षक मी दुसरा वाचलेला नाही. आणि स्वतःच्या मताचा इतका आंधळा वकीलही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदत होत्या, म्हणून त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

शेतकऱ्याच्या घरात सात भावंडांतला हा पाचवा. पुस्तकांपेक्षा अवजारांत रमणारा. आधी एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी, मग फिलाडेल्फियाच्या दंतमहाविद्यालयातून १८७८ साली पदवी. पुढे फुप्फुसांच्या आजाराने तो मिनेसोटाकडे गेला, आणि मध्येच भावाबरोबर मोंटानात मेंढ्या पाळण्याचा घाट घातला. हिवाळी वादळाने मेंढ्या गेल्या, भांडवल गेले, आणि अँगल पुन्हा दातांकडे आला. त्या वर्षी बर्फ थोडे कमी पडते तर एक मध्यम प्रतीचा मेंढपाळ मोंटानाला लाभला असता.

वाकडे दात सरळ करू पाहणारे लोक त्याच्या आधीही होते. फ्रान्सच्या फोशारने १७२८ सालीच दातांना बांधायच्या धातूच्या पट्टीचे वर्णन करून ठेवले होते. अमेरिकेत किंग्जले आणि फॅरर ही मोठी नावे होती. पण प्रत्येक रुग्णासाठी वैद्य बसून नवे यंत्र घडवी, सोनार दागिना घडवतो तसे. एकाचे काम दुसऱ्याला उपयोगी पडत नसे. अँगलने काय केले, तर थोडेसे ठरावीक सुटे भाग तयार केले : लहान स्क्रू, नळ्या, पट्ट्या, तारा. हवे तसे जोडा आणि कुठल्याही तोंडात बसवा. सोन्याऐवजी त्याने स्वस्त जर्मन सिल्व्हर वापरले. एरवी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिणाऱ्याला छापील फॉर्म मिळावा, असा हा बदल. १८८७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने हे मांडले तेव्हा ज्येष्ठांनी त्याचे कौतुक केले नाही; यातले नवे काय, हे तर आमचेच, असा सूर निघाला. बत्तीस वर्षांच्या अँगलला तो लागला. पुढच्या आयुष्यात त्याने जी कित्येक पेटंटे घेतली आणि श्रेयासाठी जी भांडणे केली, त्यांचे मूळ मला त्या सभागृहात दिसते.

मिनेसोटातली अध्यापकी त्याने १८९२ साली सोडली, इतर दंतवैद्यकी बंद केली, आणि दात सरळ करणे एवढेच काम धरले. पोटापाण्यासाठी फक्त हेच करणारा तो जवळपास पहिलाच. शिकागो, सेंट लुई, जिथे जाई तिथल्या विद्यापीठाकडे त्याची एकच मागणी : हा स्वतंत्र विषय माना, याला वेगळा वेळ द्या. कुणी ते मान्य करीना, आणि अँगल राजीनामा देई. शेवटी १९०० साली सेंट लुईत त्याने स्वतःचीच शाळा काढली. शिकून तयार झालेले दंतवैद्य यायचे, काही आठवडे राहायचे आणि दुसरे सगळे सोडून हाच धंदा करायला बाहेर पडायचे. या विषयाची अमेरिकन संघटनाही त्याच सुमारास त्याच्याभोवती जमली, आणि तिचा पहिला अध्यक्षही तोच झाला.

त्याच्या आधी, १८९९ मध्ये, त्याने एक निबंध छापला होता. त्या एका निबंधावरही त्याचे नाव राहिले असते. तोवर वाकड्या दातांचे वर्णन म्हणजे रडगाणे असे : हा पुढे आलाय, तो आत गेलाय, तिसरा फिरलाय. अँगल म्हणाला, सगळे दात सोडा, एक दाढ बघा. सहाव्या वर्षी येणारी वरची पहिली दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, एवढे पाहिले की जबड्यांचे नाते कळते. नाते ठीक, पण दात वेडेवाकडे, तर पहिला वर्ग. खालचा जबडा मागे पडलेला, तर दुसरा. खालचा पुढे आलेला, तर तिसरा. संपले. सव्वाशे वर्षे झाली, या वर्गवारीवर टीका करणारे ग्रंथ निघाले, पण आजही दवाखान्यातल्या केसपेपरवर पहिल्या ओळीत अँगलचा वर्ग लिहिला जातो. खातेवहीत रक्कम कुठल्या रकान्यात मांडायची हे एकदा ठरले की निम्मे काम होते, हे ज्याने खातेवही लिहिली आहे त्याला सांगायला नको.

आता त्याच्या हट्टाकडे येतो. अँगलकडे एक कवटी होती. तिच्यात सगळेच्या सगळे दात, एकही न किडता, न पडता, एकमेकांवर अचूक बसलेले. तिला त्याने ‘ओल्ड ग्लोरी’ असे नाव दिले होते. अमेरिकन माणूस हे नाव आपल्या राष्ट्रध्वजाला देतो. त्याच्या मते निसर्गाचा मूळ बेत त्या कवटीत होता. निसर्गाने बत्तीस दात दिले ते बसण्यासाठी दिले. जबडा लहान पडला तर तो वाढवा. दात योग्य जागी आणून नीट चावायला लावा, म्हणजे भोवतालचे हाड आपोआप वाढेल. जागा करण्यासाठी निरोगी दात उपटणे हे त्याच्या लेखी पाप होते.

पूर्वी त्याचे मत एवढे टोकाचे नव्हते. सुरुवातीला तोही काही वेळा दात काढण्याला मुभा देत असे. ते बदलले त्यात एका चित्रकाराचा वाटा आहे. सुंदर चेहऱ्याचा नियम कोणता, हा प्रश्न अँगलला छळत होता. अपोलोच्या संगमरवरी पुतळ्याचा चेहरा त्याने आदर्श मानला होता. सेंट लुईच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या एडमंड वुअरपेलला त्याने आपला नियम दाखवला, तर चित्रकाराने समजावले की सगळ्या चेहऱ्यांना लागू पडेल असा एक नियम नसतो. प्रत्येक चेहऱ्याचा मेळ त्याचा त्याचाच. अँगलला हे पटले. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष खास अँगलचा होता. प्रत्येक चेहऱ्याचा मेळ वेगळा असेल तर तो साधायचा मार्ग एकच : त्या माणसाचे सगळे दात राखायचे आणि ते नीट जुळवायचे, म्हणजे चेहरा आपोआप त्याच्या हक्काचे रूप घेईल. १९०७ साली त्याच्या ग्रंथाची सातवी आवृत्ती निघाली, तीत हा विचार पक्का झालेला दिसतो.

हा हट्ट नुसता कागदावर नव्हता. दहा-बारा वर्षांची मुले, त्यांचे पुढे आलेले दात, चेष्टेच्या धाकाने मिटून घेतलेले ओठ. त्या तोंडातले चार चांगले दात काढायचे की ठेवायचे, याचा निकाल त्यावर लागत होता. काढलेला दात परत बसत नाही. आणि भलतीच गर्दी असताना सगळे ठेवले तर दात ओळीत येतात खरे, पण ती ओळच पुढे ढकलली जाते आणि ओठ मिटेनासे होतात. शिकागोचा कॅल्विन केस नेमके हेच सांगत होता. तो दात काढण्याचा पुरस्कर्ता नव्हता. काही थोड्या रुग्णांत तेवाचून गत्यंतर नाही, एवढेच त्याचे म्हणणे. १९११ साली या प्रश्नावर जाहीर वाद झडला. अँगलच्या बाजूने त्याचा शिष्य मार्टिन ड्यूई उभा राहिला. केस विद्वान होता, अनुभवी होता, पण त्याच्यामागे शाळा नव्हती. अँगलचा पक्ष जिंकला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेत दात काढून तारा लावणारा डॉक्टर नास्तिक ठरला.

एवढा हट्टी माणूस आपल्या यंत्रांबाबत मात्र कसा वागे, ते पाहण्यासारखे आहे. त्याची पहिली गाजलेली रचना म्हणजे ‘ई आर्च’. दोन बाजूंच्या दाढांना पट्ट्या, त्यांना जोडणारी एक जाड तार दातांच्या पुढून गेलेली, आणि आत दबलेला दात बारीक तारेने त्या जाड तारेकडे ओढायचा. सोपे काम. पण जमिनीत पुरलेल्या खांबाला वरून दोर बांधून ओढले तर खांब कलतो, जागेवरून सरकत नाही. दाताचे तसेच होई. शेंडा ओळीत येई, मूळ होते तिथेच राही, आणि तार निघाली की दात पुन्हा मूळपदावर. यंत्राचा खप जोरात होता. तरीही ते अपुरे आहे हे अँगलने स्वतःच जाहीर केले.

१९१० च्या सुमारास आले ‘पिन अँड ट्यूब’. प्रत्येक दाताला पट्टी, तिच्यावर उभी नळी, आणि मुख्य तारेला डाग देऊन जोडलेली पिन त्या नळीत घट्ट बसवलेली. आता मूळही हलू लागले. पण दात जरा सरकला की पिन उखडायची, केसभर बाजूला पुन्हा डाग द्यायचा. हे प्रत्येक दाताला, प्रत्येक खेपेला. कारागिरी इतकी नाजूक की गुरूशिवाय ती साधलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. अँगलने तेही बाजूला ठेवले. मग १९१५-१६ च्या सुमारास ‘रिबन आर्च’. नळीच्या जागी उभ्या खाचेची ब्रॅकेट, तीत फितीसारखी चपटी तार बसवायची आणि वर छोटी पितळी पिन ठोकायची. आज आपण ब्रॅकेट म्हणतो तिचा हा पहिला अवतार. पुढचे दात या यंत्राने लोण्यासारखे फिरत. पण मागच्या दातांची मुळे ताब्यात ठेवण्याचा जोर त्या फितीत नव्हता. मुलांना आणि डॉक्टरांना आवडलेले हे यंत्र पुरते पसरायच्या आतच म्हातारा त्यातल्या खोडी मोजत बसला होता.

तोवर तो पासाडेनाला आला होता. सेंट लुईनंतर न्यूयॉर्क, मग कनेक्टिकट अशी शाळा त्याच्या प्रकृतीमागून फिरत राहिली. सोबत अ‍ॅना होती. अ‍ॅना हॉपकिन्स मूळची त्याची सेक्रेटरी. तिने १९०२ साली आयोवा विद्यापीठातून स्वतः दंतवैद्यकाची पदवी घेतली, आणि अँगलचा पहिला विवाह मोडल्यावर १९०८ साली त्याच्याशी लग्न केले. ग्रंथांची भाषा, पत्रव्यवहार, रुसलेल्या शिष्यांची समजूत, सारे तिच्याकडे. शिष्य तिला मदर अँगल म्हणत. अँगलच्या शिष्यांना गुरूच्या तापट तोंडाचा प्रसाद मिळे. शिस्तीबाहेर गेलेल्याला तो सरळ दार दाखवी; तरीही लोक खंड ओलांडून येत. त्यातला एक ऑस्ट्रेलियातून आलेला रेमंड बेग. १९२५ मध्ये नव्या ब्रॅकेट्स पहिल्यांदा हाताने कोरल्या गेल्या, त्या कामात बेग होता.

नवी गोष्ट सांगायला साधी आहे. अँगलने उभी खाच आडवी केली आणि चपटी तार नव्वद अंशांत वळवून तिची धार आत सारली. म्हणून नाव ‘एजवाइज’. खाच हजारांश इंचात बावीस उंच आणि अठ्ठावीस खोल. आपल्या मापात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त आणि पाऊण मिलिमीटरहून थोडी कमी. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसली की दात वरखाली करा, आतबाहेर करा, नाहीतर तारेला पीळ देऊन हिरडीतले मूळ फिरवा. एकाच खाचेतून तिन्ही कामे. तिच्याबद्दलची लेखमाला १९२८-२९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्या वर्षी सांता मोनिकात अँगल वारला. पुढे सोन्याच्या जागी पोलाद आले. १९५५ साली बुओनोकोरने दाताचे कवच आम्लाने खरखरीत करून त्याला वस्तू चिकटवण्याची युक्ती शोधली आणि हळूहळू पट्ट्या गेल्या. १९७० च्या दशकात अँड्र्यूजने प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटमध्येच घालून तार वाकवण्याचे श्रम वाचवले. खाच मात्र राहिली. नातीच्या डॉक्टरांच्या कपाटातल्या डबीवरही तोच बावीसचा आकडा छापलेला होता.

मत तेवढे राहिले नाही, आणि ते मोडले अँगलच्याच माणसांनी. बेग अ‍ॅडलेडला परतला आणि दोन-तीन वर्षांत दात काढू लागला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या जुन्या कवट्या तपासल्या. त्यांचे दात भरड, वाळूमिश्रित अन्नाने वरून आणि बाजूंनी झिजलेले होते, आणि झिजत गेल्यामुळेच जबड्यात मावत होते. आपण मऊ खातो, दात झिजत नाहीत, म्हणून ते मावत नाहीत. तेव्हा काही काढले तर निसर्गाचे राहिलेले कामच आपण पुरे करतो. निसर्गाचा हवाला देणाऱ्या गुरूला निसर्गाच्याच साक्षीने दिलेले हे उत्तर. आणि गंमत अशी की स्वतः हाताने कोरलेली आडवी खाचही बेगने पुढे सोडली. अँगलने टाकून दिलेली रिबन आर्चची ब्रॅकेट त्याने उलटी करून घेतली, तीत बारीक, गोल, लवचिक पोलादी तार घातली आणि आपली निराळी पद्धत बांधली.

दुसरा चार्ल्स ट्वीड. हा तर अँगलचा अखेरचा लाडका. म्हाताऱ्याने त्याच्याकडून दोन गोष्टी मागितल्या होत्या : एजवाइजला आयुष्य वाहायचे, आणि या विषयाला कायद्याने स्वतंत्र दर्जा मिळवून द्यायचा. ट्वीडने अ‍ॅरिझोनात दुसरी गोष्ट १९२९ सालीच करून दाखवली. आणि गुरूच्या शिकवणीप्रमाणे एकही दात न काढता रुग्ण बरे करायला बसला. काही वर्षांनी त्याने आपल्याच कामाचे फोटो आणि साचे समोर मांडले. दात ओळीत होते, पण बऱ्याच चेहऱ्यांचे ओठ पुढे आलेले, आणि पुष्कळांचे दात परत फिरलेले. यंत्राबाबत अँगलने आयुष्यभर जे केले ते ट्वीडने मताबाबत केले. बिघडलेल्या मुलांना त्याने परत बोलावले, चार उपदाढा काढल्या आणि एक पैसा न घेता पुन्हा तारा लावल्या. मंडळींनी त्याला गुरुद्रोही म्हटले. १९४० साली त्याने अशा शंभर रुग्णांचे साचे एका अधिवेशनात मांडले. प्रत्येक मुलाची दोन सुधारलेली तोंडे शेजारी शेजारी : पहिले सर्व दात राखून, दुसरे चार काढून. केसचा पराभव झाल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती, आणि केस हयात नव्हता.

त्यानंतर लंबक उलटा गेला, इतका की मधली काही दशके उपदाढा सर्रास गेल्या. यांतले कित्येक दात अँगलने वाचवले असते आणि बरोबर वाचवले असते, असे माझे मत आहे. हल्ली एक्स-रे आणि मापे घेऊन दर तोंडाचा वेगळा विचार करतात. आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांतून पुष्कळ वर्षे शिकवली गेली ती बेगची पद्धत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या ज्या वाचकांनी लहानपणी मुंबईत, नागपुरात कॉलेजच्या इस्पितळात तारा लावून घेतल्या, त्यांतल्या अनेकांच्या दातांवर उभ्या खाचेची ब्रॅकेट आणि बारीक पितळी पिन होती. अँगलने १९२५ मध्ये जी बाद केली, तीच. नव्वदच्या दशकानंतर तिथेही हळूहळू आडवी खाच आली.